बाळहिरड्याचं प्रमोशन

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की शिनोली येतं. तिथून पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरांत, महादेव कोळी बाया-माणसं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, अंगणात वाळवतात आणि किलोवर विकतात. हाच हिरडा शहरात पोचला की त्याला बढती मिळते: काचेची बाटली, लेबलवर हिरवं पान, आत 60 कॅप्सूल. आपल्याकडे पूर्वी पोट साफ व्हायचं; आता ‘मायक्रोबायोम’ सुधारतो. आजी हिरडा उगाळून द्यायची तेव्हा तोंड वाकडं करणारी नातवंडंच आज त्याला ‘गट हेल्थ’ म्हणून हप्त्यावर मागवतात.

जोडीला मनगटावरचं घड्याळ. ते रोज 10,000 पावलं मागतं. हा आकडा कुठल्या धन्वंतरीचा नव्हे. 1965 च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातला तो. (नाव खपलं, की शास्त्र होतं.) हिरड्यासाठी डोंगर चढणाऱ्या बाईची पावलं मात्र कुणी मोजत नाही. तिचा फक्त हिरडा मोजतात, तोही ‘ओला आहे’ म्हणत घट धरून.

भविष्याचा प्रवाह म्हणतात तो हाच असावा: डोंगरातून शहराकडे. शहरातून डोंगराकडे मात्र काही वाहत नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानं इथली हिरड्याची झाडं झोडपली. त्या नुकसानीच्या भरपाईसाठी आदिवासींना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली.