गुरुजींचे बारा जोड

शेणव्यातल्या गुरुजींकडे चार शर्ट, तीन पँटी, एक लेंगा-सदरा आणि एक काळा कोट आहे. ही माहिती काढायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. नाक्यावर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाला ते ती आपणहून देतात, आणि आपल्याकडच्या एसटीचा वक्तशीरपणा ज्यांना ठाऊक आहे त्यांना कोटाच्या अस्तराचा रंगही ठाऊक आहे.

तसे हे गुरुजी शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात दर गावाला एक असतात. कुठे ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असतात, कुठे तलाठी कार्यालयातून, तर कुठे शहाडच्या रेयॉन कंपनीतून. त्यांची खूण एकच. समोरच्याचा चेहरा ते नंतर बघतात. आधी त्याची बाही अंगठा आणि तर्जनीत धरून तांदळाच्या वाणाची पारख करावी तशी चोळतात आणि विचारतात, “किती धुण्या झाल्या?”

पुतण्या परवा नवाकोरा शर्ट घालून समोर आला. गुरुजींनी बाही चोळली. “केवढ्याला?”

“साडेतीनशे, काका. ऑनलाइन सेल होता.”

“सात धुण्यांत जाईल. म्हणजे दर खेपेला पन्नास रुपये पडले. माझा हा शर्ट कापड, शिलाई धरून सोळाशेचा. आठवड्यातून दोनदा घालतो, चार वर्षं झाली. चारशे खेपा. चार रुपये पडले. आता सांग, उधळ्या कोण?”

पुतण्या गणितात कच्चा असल्यामुळेच ऑनलाइन खरेदी करतो, तेव्हा हा वाद तिथेच संपला.

गुरुजींच्या शर्टांचे रंग ठरलेले आहेत. पांढरा, आभाळी, बदामी आणि बारीक रेघांचा. पँटी काळी, राखाडी आणि मातकट. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटीवर चालतो. चार त्रिक बारा. वस्तू सात, जोड बारा. “तुझ्याकडे चाळीस वस्तू,” ते पुतण्याला म्हणतात, “आणि लग्नाला निघताना कपाटापुढं उभा राहून ओरडतोस, घालायला काही नाही म्हणून.”

खरेदीला ते कल्याणला जातात. दुकानात शिरल्यावर कापड उजेडापुढे धरतात, मुठीत चुरगाळून सोडतात, किती चुण्या राहिल्या ते बघतात, काठावर छापलेली अक्षरं चष्मा वर करून वाचतात, पन्हा विचारतात. मग तसेच उठून दुसऱ्या दुकानात जातात. ठाण्यात १९२५ साली उभ्या राहिलेल्या रेमंडच्या गिरणीचा विषय हमखास निघतो, कारण त्यांच्या लग्नातला काळा कोट त्या कापडाचा आहे आणि अजून उभा आहे. गुरुजी आता त्यात मावत नाहीत, पण तो दोष कोटाचा नाही.

आणलेलं कापड रात्रभर बादलीत भिजतं. आटायचं ते शिवण्याआधी आटू दे, हा नियम. मग ते शिंप्याकडे जातं. गावात शिंप्यालाही मास्तर म्हणतात, तेव्हा ही दोन मास्तरांची गाठ असते. “दाब भरपूर सोडा. कॉलरला जादा कापड ठेवा. बटणं दोन शिल्लक द्या.” तीन वर्षांनी कॉलर झिजली की ती उसवून उलटी लावायची. मास्तरांना हे काम नको असतं. तेवढ्या वेळात एक ब्लाउज होतो आणि त्याचे पैसेही मिळतात. “गुरुजी,” ते एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, “कापड आणता वर्षाकाठी एकदा आणि चकरा मारता दर आठवड्याला.”

गुरुजींच्या निवडीत आपल्या हवेचाही हिशोब आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस एकदा बसला की आवणी उरकेपर्यंत ऊन दिसत नाही. सुती शर्ट तीन-तीन दिवस दांडीवर ओलाच राहतो आणि मग त्याला असा वास येतो की शेजारी बसलेला माणूस जागा बदलतो. म्हणून पावसाळ्यात टेरिकॉट, ज्यात साधारण दोन वाटे पॉलिस्टर आणि एक वाटा सूत. पाणी निथळलं की वाळलं. होळीनंतर मात्र निव्वळ सुती. थंडीला म्हशाच्या यात्रेतली घोंगडी. पुतण्याच्या तीन जीन्स आषाढात दांडीवर गेल्या, त्या गणपतीत उतरल्या. जीन्स उल्हासनगरच्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी जे गाव उभं केलं, ज्याला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, तिथला माल ‘मेड इन यूएसए’ असतो, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद गुरुजी अजून ताजा समजतात.

शर्ट जुना झाला म्हणून गुरुजी टाकत नाहीत, त्याला खालच्या वर्गात बसवतात. नवा असतो तेव्हा तो लग्नाकार्याचा. घडी मोडून दोन वर्षं झाली की बाजाराचा. मग घरातला. मग शेतातला. चिखळणीत त्याचा मूळ रंग कोणता होता हे विसरायला झालं की पाठीचा तुकडा गोधडीत जातो आणि बाह्या पोतेऱ्यात. एक आभाळी शर्ट मधल्या काळात बुजगावण्यालाही लाभला. लांबून बघणाऱ्या दोघा-तिघांनी त्याला नमस्कार केला होता.

पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीने एकदा सांगितलं, “मामा, लंडनमध्ये सूझी फॉ नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात हेच सुरू केलं. थोडेच कपडे, पण चांगले आणि एकमेकांवर चालणारे. पुढे १९८५ साली अमेरिकेत डोना कॅरननं सात कपड्यांचा संच काढला आणि नाव कमावलं.”

“पंच्याऐंशी?” गुरुजी म्हणाले. “तोवर माझ्या बदामी शर्टाची कॉलर उलटून झाली होती.”

त्यांची खरी कसोटी लग्नसराईत लागते. आपल्याकडे हळद म्हणजे निम्मं लग्न. डीजे, मटण आणि हल्ली सगळ्या भावकीला एकाच रंगाचे कपडे. पुतणीच्या हळदीला पस्तीस जणांनी पिवळे कुडते शिवले. गुरुजी बदामी शर्टात. “हळद लागली की पिवळाच होणार,” ते म्हणाले आणि झालाही. ते पस्तीस कुडते आता पस्तीस ट्रंकांत आहेत, कारण तसला कुडता घालून पंचायतीत दाखला आणायला जाता येत नाही.

इथवर गुरुजी सगळ्या विषयांत पास आहेत. पण त्यांच्या घरात काकूही आहेत.

काकूंच्या ट्रंकेत साड्यांची चळत आहे आणि त्यातली एकही त्यांनी निवडलेली नाही. सगळा आहेर. नाकारला तर देणारी रुसते, आणि पुढच्या लग्नात तीच साडी दुसरीला द्यावी तर ती कुणाची हे साऱ्या बायकांना पाठ असतं. गुरुजींनी आहेर घेणं बंद केलं तेव्हा लोक म्हणाले, तत्त्वाचा माणूस. काकूंनी केलं असतं तर म्हणाले असते, शिष्ट बाई.

आणि चार शर्टांत वर्ष निभतं ते कसं? काकू रोज संध्याकाळी एक धुतात. श्रावणात तो चुलीवरच्या दांडीला टांगून धूर लागणार नाही अशा बेताने वाळवतात आणि सकाळी वीज असेल तर इस्त्री करतात. “यांचा शर्ट झिजत नाही,” त्या म्हणतात, “माझा दगड झिजतो.” गेल्या मे महिन्यात त्या लेकीकडे राहायला गेल्या. पाचव्या दिवशी गुरुजी नाक्यावर लेंगा-सदऱ्यावर काळा कोट चढवून, बटणं उघडी टाकून, घाम पुसत उभे होते. यादी मात्र कुणाला ऐकवत नव्हते.

साधेपणाचा विषय निघाला की गुरुजी गांधीजींचा दाखला देतात. १९२१ साली मदुराईत बापूंनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसला, हे खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी करताना, त्यांनी धुलाईचं पुस्तक आणून कपडे धुण्याची कला शिकून घेतली होती. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, ती कोर्टात गळू लागली आणि बॅरिस्टर मंडळी हसली, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी लिहून ठेवलंय. गुरुजींनी तेवढं पान सोडलेलं दिसतं.

तेव्हा वाचकहो, गुरुजींचं जरूर ऐका. कपडे मोजके घ्या, बरे घ्या, शिवताना दाब भरपूर ठेवायला सांगा आणि कॉलरचं जादा कापड मागून घ्या. फक्त ते कपडे स्वतः धुवा. पाचवा शर्ट लागतो की नाही, हा निर्णय धुणाऱ्यानेच घ्यायचा असतो.