टाकाऊ

आमच्या नातवाच्या नंदीला यंदाच्या तान्ह्या पोळ्यात दुसरं बक्षीस मिळालं. गट होता ‘टाकाऊतून टिकाऊ’. बक्षिसाला माझी हरकत नाही, गटाच्या नावाला आहे. त्या नंदीच्या अंगावरची एकही वस्तू सकाळपर्यंत टाकाऊ नव्हती.

दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली लेकरांसाठी हा लाकडी बैलांचा पोळा सुरू केला, असं नागपुरात सांगतात. राजेच ते, सजावटीचं सामान त्यांना घरात हुडकावं लागलं नसणार. आमच्या मंडळाने मात्र यंदा फर्मान काढलं, बाजारातली झूल नको, बाजारातली मठाटी नको, सगळं घरचं पाहिजे.

त्या दिवशी सकाळी मी इतवारीत मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो होतो. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि मी कळत्या वयापासून जातो. सोबत बडगे, म्हणजे पुतळे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. सगळ्यांसोबत मीही ओरडून ओरडून घरची ईडा-पीडा मारबतीच्या हवाली केली. घसा बसला. घरी आलो तर पीडा पलंगावर मांडी घालून फेविकॉल लावत होती.

“काय करून राहिला रे?”

“सजवून राहिलो ना, आबा.”

“ही माझ्या चष्म्याची दोरी आहे.”

“आता कासरा हाय.”

बैलाच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या असतात. इथे पेनांची टोपणं होती. टोपणं दोनच लागली, पण मापाची जोडी जमेपर्यंत सात पेनं उघडी पडली, ती वाळली. झूल म्हणजे सोफ्याच्या डाव्या हाताचं कव्हर. (उजवा हात अजून झाकलेला आहे, पाहुणे विचारतात.) डोळ्यांना हिच्या टिकल्या, गळ्यात पडद्याच्या कड्या.

बेगड मात्र खरं वाटत होतं. चमक तीच, करकर तीच. जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर बारीक अक्षरात एक्स्पायरी डेट होती. गोळ्यांच्या पाकिटांची चांदी सोलून काढलेली. पोरगं शिस्तीचं, गोळी एकही फेकली नाही. बीपीच्या, शुगरच्या, हिच्या थायरॉइडच्या, सगळ्या एका वाटीत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या वाटोळ्या. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता सगळी औषधं नव्याने काढून दिली. दुसऱ्या बक्षिसाचा डबा ऐंशी रुपयांचा असेल. औषधांचं बिल मी सांगत नाही.

माझी खरी तक्रार वेळापत्रकाची आहे. मारबत सकाळी निघते आणि तान्हा पोळा संध्याकाळी भरतो. म्हणजे सगळ्या शहराची पीडा आधी वाजतगाजत जाते आणि मग आमच्या घरी नंदी सजतो. उलटं करायला काय हरकत आहे? आता ह्या तक्रारीला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागणार.

सिंदी रेल्वे गावात म्हणे मोठमोठे नंदी निघतात. आमचा वीतभर आहे, ह्याबद्दल मी भोसल्यांचा आणि देवाचा आभारी आहे. नंदी हातभर असता तर सोफा गेला असता.

संध्याकाळी नातू नंदी ओढत बोजारा मागायला निघाला. पहिलं घर आमचंच. माझी दोरी, माझी टोपणं, माझी चांदी अंगावर घालून नंदी माझ्याच उंबऱ्यावर उभा. ही ओवाळत होती. “वीस रुपये टाका,” म्हणाली. दोरी नसल्याने चष्मा कुठे राहिला ते सापडेना. पिवळट दिसली ती नोट ताटात टाकली. पोरगं एकदम पाया पडलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दोनशेची होती.

“परत दे रे.”

“बोजारा परत नाही देत, आबा.”

नंदीच्या डोक्यावरचा तुरा हो-हो करत हलत होता. वाकून पाहिलं. खाली माझ्या पेनातली स्प्रिंग होती.