तिथी गुणिले पाऊण

रत्नागिरीत मित्रमंडळींचं समुद्रकाठाने दिवसभर चालायचं ठरलं की आधी रविवार ठरतो, मग डब्यांची वाटणी होते, मग आयत्या वेळी कोण कोण गळणार याचा अंदाज बांधला जातो, आणि समुद्राला विचारायचं तेवढं राहून जातं. आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे, मालगुंड ही गावं फोनमधल्या नकाशावर एका निळ्या कडेला ओळीने लागलेली दिसतात. त्यावरून बोट फिरवलं की अंतर येतं, अंतराला ताशी चार किलोमीटरने भागलं की वेळ येते, आणि झाली सहल तयार! माझं म्हणणं असं की हा हिशेबच चुकीच्या टोकाने सुरू होतो. डोंगरातली वाट एका जागी असते, ती सकाळीही तिथेच आणि संध्याकाळीही तिथेच. किनाऱ्यावरची वाट कुठे आहे, हे किती वाजलेत त्यावर ठरतं. टेकडीच्या ज्या पायथ्याखालून सकाळी नऊला चपला न भिजवता जाता येतं, तिथेच दुपारी तीनला लाटा खडकावर आपटत असतात, आणि नकाशाला यातलं काहीएक ठाऊक नसतं. तेव्हा अशी सहल ठरवताना नकाशा बाजूला ठेवावा, भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवावं, आणि रविवारचा तांबडा आकडा सोडून त्याच्या पोटातलं बारीक अक्षर वाचावं. तिथे तिथी असते.

तिथीवरून भरतीची वेळ काढायचं गणित किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट. पक्ष शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरती किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हीच वेळ रात्रीची आणि दिवसाचीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते. मागच्या पिढ्यांना शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी घोकायला लावत, आणि पाऊणकीचा पुढे आयुष्यात काय उपयोग, हे कुणालाच सांगता येत नसे. तो हा. यामागचं कारणही साधं आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, आणि भरती त्याच्या मागे मागे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तेव्हा गणितात थोडी चूक राहतेच. शिवाय तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची, एखादीचा क्षय, एखादीची वृद्धी. अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होणार, हे धरून चालावं. पण ज्या मंडळीत ‘निघालोच’ या शब्दाचा अर्थ ‘आंघोळीला चाललो आहे’ असा असतो, तिने समुद्राच्या अर्ध्या तासाबद्दल तक्रार करू नये.

वाळूवर चालणाऱ्याला ओहोटीच का हवी, हे ज्याने भरतीत चालून बघितलंय त्याला सांगायला नको. ओहोटीला वाळूचे सरळ तीन पट्टे पडतात. वरचा सुका आणि भुसभुशीत, ज्यात पाऊल घोट्यापर्यंत जातं आणि निम्मे श्रम पाऊल परत काढण्यात खर्च होतात. त्याच्यावर मागच्या भरतीची रेघ असते. तीत सुरूच्या काड्या, नारळाची सोडणं, थर्मोकोलचे तुकडे आणि हटकून एका पायाची चप्पल. खालचा पट्टा लाटांचा, तिथे पायाखालची वाळू सरकत राहते आणि उतारामुळे एक पाय कायम दुसऱ्यापेक्षा आखूड असल्यासारखा पडतो. या दोन्हींच्या मधे, नुकतंच पाणी सोडून गेलेला जो ओला पट्टा असतो, तो सिमेंटच्या रस्त्यासारखा घट्ट. त्यावर खेकड्यांनी बिळं कोरून बाहेर टाकलेल्या मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी असते आणि पावलाचा ठसा जेमतेम उमटतो. दिवसभराचं चालणं या एका पट्ट्यावर अवलंबून आहे. पूर्ण भरतीला तो पाण्याखाली जातो, मग उरतो फक्त सुका भुसभुशीत भाग. तिथे पहिल्या दोन किलोमीटरमध्ये गप्पा थांबतात आणि चौथ्या किलोमीटरला ही कल्पना मुळात कुणाची होती, याची चौकशी सुरू होते.

तेव्हा चालण्याच्या वेळेच्या बरोबर मधे ओहोटी यावी, असा दिवस शोधायचा. इथे समुद्राइतकाच मित्रांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. सांगितल्या वेळेला, साडेसातला, खरोखरच चालू लागणारी मंडळी असेल तर षष्ठी उत्तम: भरती पहाटे साडेचारला, ओहोटी साडेदहाला, दीड वाजेपर्यंत घट्ट वाळू. कुणाची तरी वाट बघत, चहा घेत, नऊला निघणाऱ्यांनी अष्टमी धरावी. आणि मिसळ खाऊन, मग एकाच्या घरी राहिलेली टोपी आणायला परत जाऊन, सव्वाअकराला वाळूला पाय लावणाऱ्यांसाठी एकादशी आहे. त्या दिवशी ओहोटी दुपारी सव्वादोनला, आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी असायचीही शक्यता. म्हणजे दर दीड तासाच्या उशिरासाठी पंचांगात दोन तिथ्या पुढे सरकायचं. मित्रांना वेळ पाळायला लावण्याचे जे उपाय आजवर झाले, त्यांत यश कुणाला आलेलं नाही. तिथी बदलायला मात्र कुणाचीच मिनतवारी करावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षित मित्राकडून येतो. मुहूर्त बघून फिरायला जायचं? आणि तेही या गावात? सावरकरांनी १९२४ पासून १९३७ पर्यंतची वर्षं स्थानबद्धतेत याच जिल्ह्यात काढली, १९३१ मध्ये इथे पतितपावन मंदिर उभं राहिलं, पोथीनिष्ठेवर त्यांनी इथूनच कोरडे ओढले, आणि आता भर रत्नागिरीत पंचांग उघडायचं म्हणजे काय! पण तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनात्मक अंतर, दर १२ अंशांना एक. त्यात पुण्य नाही की पाप नाही. त्या अंतराला अनुसरून समुद्र वर-खाली होतो आणि तो नास्तिकालाही तितकाच भिजवतो. उपास करायची सक्तीही नाही. बुद्धिवाद्याने हवं तर तिथी हा शब्द टाळून अंश म्हणावेत. अष्टमीचे शहाण्णव होतात, भरती मात्र सहालाच येते.

दुसरा आक्षेप अस्सल रत्नागिरीचा आहे, आणि तो काढायला रत्नागिरीकरच हवा: पंचांग कुठलं? इतर महाराष्ट्राला हा प्रश्न पडत नाही. १८५६ साली याच गावात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी, आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी पंचांग जुळलं पाहिजे असा आग्रह धरला, आणि त्यांच्या नावाचं पंचांग मानणारी घरं या बाजूला आजही आहेत. अधिक महिना कधी धरायचा यावर दोन पंचांगांचं जमलं नाही की एखाद्या वर्षी एका आळीत गणपती येऊन विसर्जनही होतं आणि शेजारच्या आळीत ते पुढच्या महिन्यात येतात. मग समुद्र कुणाचं ऐकतो? सुदैवाने भांडण महिन्याच्या नावाचं आहे. चतुर्थीला श्रावणातली म्हणा की भाद्रपदातली, आकाशातला चंद्र तेवढाच असतो आणि पाण्याला महिन्याशी देणंघेणं नसतं. ज्या घरात दोन भाऊ दोन पंचांगं मानतात, त्यांनाही एकत्र फिरायला जाता येईल. बोलतात की नाही, हा निराळा प्रश्न.

तिसरा आक्षेप फोनवाल्यांचा: भरती-ओहोटीच्या वेळा आता मिनिटामिनिटाने फोनवर दिसतात, पाऊणकी कशाला? वेळा दिसतात हे खरंच आहे. भारताचं सर्वेक्षण खातं दर वर्षी त्यांची कोष्टकं छापतं आणि ती पाऊणकीपेक्षा कितीतरी अचूक असतात. पण फोन ही माहिती विचारल्यावर देतो, आणि विचारायची आठवण होते ती पाणी गुडघ्याला लागल्यावर. तोवर तारीख ठरलेली असते, रजा टाकलेली असते, चकल्या तळून झालेल्या असतात. तिथीचा गुण असा की ती तारखेच्या आधी भेटते. समुद्राला न विचारता निघालेल्यांत थोर मंडळी होऊन गेली आहेत. सिकंदर इ.स.पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापर्यंत पोचला आणि ओहोटीने त्याची जहाजं चिखलात कोरडी बसवली. इ.स.पूर्व ५५ मध्ये सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा पौर्णिमेच्या रात्रीच्या भरतीने आणि वादळाने मिळून त्याच्या आरमाराची मोडतोड केली. दोघेही भूमध्य समुद्राकाठचे, तिथे पाणी फारसं हलतच नाही. दोघांच्याही फौजेत रणगाजी पुष्कळ होते, पण खारवी किंवा दालदी मच्छीमार एकही नव्हता.

त्यातून नकाशावरच्या अंतराला तरी इतकं मानायचं कशाला? किनारा मोजता येतो असं आपण धरून चालतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी शाळेच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या साडेसात हजार किलोमीटर होती. परवा सरकारने बारकाईने मोजली तर ती ११,०९८ किलोमीटर भरली. समुद्र होता तेवढाच आहे. पूर्वी सरळ कापून पार केलेल्या खाचाखोचा, खाड्या आणि दंतुर कडा आता फुटपट्टीत आल्या. ज्या किनाऱ्याने भारत सरकारला साडेतीन हजार किलोमीटरने फसवलं, त्यावर दोन मित्रांच्या हातातल्या घड्याळांनी तेरा आणि सतरा किलोमीटर दाखवलं, तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. घालतील ते वेगळं.

सगळ्यात समंजस आक्षेप असा की वर सागरी रस्ता आहे ना? पाणी आलं तर वर चढा आणि डांबरावरून चाला. आरे-वारेच्या घाटीतून दिसणारा समुद्र सुंदर आहे, याबद्दल दुमत नाही. पण वर चढा, हे म्हणण्याइतकं सोपं नाही. रत्नागिरीचा किनारा म्हणजे जांभ्याचा सडा समुद्रापर्यंत येऊन तुटलेला. दोन पुळणींच्या मधे जी नाकं समुद्रात घुसलेली असतात, त्यांवर चढायला वाट असतेच असं नाही. करवंदीची जाळी मात्र असते. आणि एकदा रस्त्यावर आलं की मंडळींचं रूपांतर गाड्यांना हात दाखवणाऱ्या घोळक्यात होतं. समुद्र बघत डांबरावरून चालायचं तर मग गाडीनेच जावं, पाय तरी वाचतील.

जाणकार कोळी याहून चांगला आक्षेप घेईल, आणि तो मला मान्य करावा लागतो. अष्टमीच्या आसपास भांग असतं. पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. समुद्र खरा आत जातो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, तेव्हाच खडक उघडे पडतात आणि कालवं काढणाऱ्या बायका बाहेर पडतात. त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक पूर्ण तिथीवर चालतं आणि त्यासाठी त्या पाऊणकीसुद्धा म्हणत नाहीत. हे सगळं बरोबर. पण उधाणाची ओहोटी येते पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी सव्वापाचला, आणि भर दुपारी, उन्हाचा कहर आणि पोटात भूक असताना, दोन्हीकडून उंच भरती. कालवं काढणाऱ्या बाईचं काम दोन-तीन तासांचं. ती पाणी चढायच्या आत घरी असते. दिवसभर चालणाऱ्याला अथांग वाळू नको, तर तीच वाळू सहा तास हवी, आणि ती भांगच देतं.

शेवटी उरतो तो सगळ्यांना हमखास सुचणारा मुद्दा: अष्टमी बुधवारी आली तर रजा कोण देणार? हे कोकणातल्या माणसाने म्हणावं, याचं नवल वाटतं. सबंध देशात तिथी बघून रजा टाकणारा माणूस कुठे असेल तर तो इथला चाकरमानी. गणपतीच्या चतुर्थीसाठी कोकण रेल्वेची तिकिटं तो कितीतरी आधी काढायला बसतो, शिमग्याच्या पौर्णिमेला पालखी नाचवायला साहेबाशी भांडून येतो, आणि अंगारकीला गणपतीपुळ्याच्या रांगेत मंगळवार असूनही हजारो माणसं उभी असतात. दुर्दैवाने त्याने निवडलेल्या या तिन्ही तिथ्या आपल्या कामाच्या नाहीत. चतुर्थीला दुपारी तीनला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. तरीही रविवारच हवा असेल, तर हिशेब असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे महिने, त्यांत सतरा-अठरा रविवार. आपल्या मंडळीच्या स्वभावाला जुळणारी तिथी आणि तिच्या अलीकडची-पलीकडची एकेक, म्हणजे पंधरातल्या तीन. सरासरीने तीन-चार रविवार हाती लागतात. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात, त्यात एक जातो. मोहर आला की ज्याच्या कलमांच्या बागा आहेत तो फवारणी सोडून हलत नाही, आणि नेमकी गाडी त्याचीच असते. जो एक रविवार उरेल तो आत्ताच कालनिर्णयवर गोल करून ठेवावा. मालगुंडहून परत येणाऱ्या गाडीला मात्र पाऊणकी लागू पडत नाही, ती नाक्यावरच विचारावी.