डिस्क कंपनीची, टायर हौसेचा

वर्धा जिल्ह्याला पायी चालणाऱ्यांची थोर परंपरा आहे. 1936 साली गांधीजी मगनवाडी सोडून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले ते पायीच. विनोबा 1951 मध्ये पवनारहून निघाले आणि देश तुडवून 1964 मध्ये परतले. एवढ्या काळात त्यांची पावलं थोडी रुंद करून घ्यावीत, म्हणजे चालण्याला रुबाब येईल, असं एकाही अनुयायाला सुचलं नाही. आता जिल्हा पुढे गेला आहे. दारूबंदीमुळे इतर नशांना अधिकृत परवानगी नाही, म्हणून एमएच 32 वाले टायरवर झिंगतात.

आमच्या साडभाऊंनी गाडी घेतली. गाडी चांगली, रंग चांगला, हप्ताही चांगलाच. काही दिवस सुखात गेले. मग हिंगणघाटच्या एका लग्नात कुणीतरी मांडवाबाहेर गाडीभोवती फेरी मारली, चाकाला बुटाचं टोक लावलं आणि म्हणालं, "गाडी तं मस्त आहे भाऊ, पण टायर काऊन असे सायकलचे?" त्या दिवशी साडभाऊंना पंगतीतली बुंदी गोड लागली नाही.

कंपनीने दिलेले टायर होते 165/80 आर 14. म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, आणि आतली डिस्क 14 इंची. ही डिस्क पाच इंच रुंद. गाडीचं वजन, ब्रेक, स्टिअरिंग, ॲव्हरेज, पावसातली पकड यावर बराच खल करून इंजिनिअर हे माप ठरवतात आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, हवेच्या आकड्यासकट, एका स्टिकरवर छापून ठेवतात. हा स्टिकर आपल्याकडे फक्त गाडी धुणाऱ्या पोराने पाहिलेला असतो.

नाक्यावरच्या टायरवाल्याने तर तो पाहायची गरजच ठेवली नाही. "कंपनीवाले पैसे वाचवून राहिले भाऊ. पतले टायर देऊन तुमाले चुना लावला. दोनशे पाचचे टाका. गाडी कशी जमिनीले चिपकून चालते ते पाहाजा."

"डिस्क बदलावी लागेल ना?" मी विचारलं.

"कायले? डिस्क हेच. बसते न. आपण बसवतो."

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचं सगळं सार या "आपण बसवतो"मध्ये आहे, पण ते नंतर. आधी टायर बसताना पाहू. मशीनवर जुना टायर उतरला. नव्याच्या काठाला साबणाचं पाणी फिरलं, लोखंडी पट्टीने काठ आत लोटला गेला, हवा सोडली. आधी एक, मग दुसरा असे दोन फट्ट आवाज झाले आणि टायर खरोखरच बसला. बसला म्हणजे कसा, तर 205 मिलिमीटरचा ऐवज 127 मिलिमीटरच्या डिस्कवर. त्याला साधारण सहा इंची डिस्क मानवते. पाच इंचीवर त्याचे दोन्ही काठ जवळ ओढले गेले, भिंती बाहेर फुगल्या आणि जमिनीला टेकायचा पट्टा मधोमध उचलला गेला. पैसे मोजले रुंदीचे, झीज होणार मधल्या चार बोटांची. दोन्ही कडा मात्र शेवटपर्यंत कोऱ्या राहतील, पाहुण्यांना दाखवायला बऱ्या.

वरून नायट्रोजन भरला. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन देवाने आधीच फुकट भरून ठेवला आहे, हे मी मनात ठेवलं. उरलेल्या 22 टक्क्यांचे पैसे साडभाऊंनी आनंदाने दिले.

आता "जमिनीले चिपकते" याचा हिशेब. एका चाकावर 300 किलो वजन आणि टायरमध्ये 33 पीएसआय हवा धरली, तर टायर जमिनीला टेकतो ती जागा ढोबळमानाने 130 चौरस सेंटिमीटर भरते. टपालाचं पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटरचं असतं, करा गुणाकार. टायर रुंद केला म्हणून हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही, फक्त आडवं होतं. वजन तेवढंच, हवा तेवढीच, मग जागा वाढेल कशाला? रुंद टायर अगदीच निरुपयोगी असतो असं नाही. योग्य मापाच्या डिस्कवर, कोरड्या रस्त्यावर, जोरात घेतलेल्या वळणावर तो चांगली साथ देतो. पण साडभाऊंचा रोजचा प्रवास घर ते बँक. त्यात एकच वळण, आणि तिथे कायम गाय बसलेली. पावसात तर उलटच: साचलेलं पाणी बाजूला सारायला रुंद टायरला जास्त कष्ट, त्यामुळे तो पाण्यावर तरंगायला लागण्याची भीती अरुंदापेक्षा अधिक.

घरी येताना फाटकात पूर्ण स्टिअरिंग वळवलं आणि चाकातून खर्र असा आवाज आला. टायर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासत होता. परत दुकान. "स्पेसर टाकून देऊ." स्पेसरने चाक बाहेर आलं, तर खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डच्या काठाला घासायला लागलं. "स्प्रिंगमध्ये रबरी पॅकिंग टाकून देऊ." पॅकिंगने गाडी उंच झाली, अलाइनमेंट गेली. अलाइनमेंट झाली, ॲव्हरेज गेला. स्टिअरिंग जड झालं, ते मात्र साडभाऊंना आवडलं. "आता कशी मोठी गाडी चालवल्यासारखी वाटते," म्हणाले. डिकीतली स्टेपनी तेवढी जुन्याच मापाची राहिली, कारण नवा टायर तिच्या खळग्यात मावेना. एका गाडीत चार सरंजामदार आणि एक सर्वोदयी कार्यकर्ता, आणि पंक्चर झालं की बोलावणं कार्यकर्त्यालाच.

मीटरचीही गंमत झाली. दुकानात जो 205/70 मिळाला त्याचा एकूण व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे पावणेचार टक्क्यांनी जास्त. मीटर बिचारं जुन्याच मापाने फेरे मोजतं. मूळ मीटर अचूक धरलं, तर त्यावर 120 दिसत असताना गाडी 124 ने धावते. समृद्धी महामार्गावर मोटारींना मर्यादा 120 ची. येळाकेळीला चढून नागपूरकडे निघालेले साडभाऊ मीटरकडे बोट दाखवून स्वतःला कायद्याचे पालनकर्ते म्हणवून घेतात आणि कायदा त्यांच्या चार किलोमीटर मागे राहतो. उलट हजार किलोमीटर गाडी चालली की मीटर नोंदवतं 964. "गाडी कमी चाललेली दिसते, विकताना फायदा," हा निष्कर्ष त्यांनी माझ्या आधी काढला. हिशेबात आमचे साडभाऊ कच्चे नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर तोही आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: उत्पादकाने मूळ जे तपशील दिले त्यांच्याशी फारकत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. म्हणजे अपघात झालाच, तर टायरचं माप कळायला विमा कंपनीला फुटपट्टीही लागणार नाही. टायरवर ते ठसठशीत छापलेलं असतं. हौसच असेल तर सरळ मार्ग हा, की त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते ते, त्याच्या डिस्कसकट, घ्यावं. पण त्यात "आपण बसवतो"चा पुरुषार्थ नाही आणि डिस्कचे पैसे लागतात.

गाडीत फेरफार करण्याची रीत वर्ध्याला नवी नाही, हे मान्य केलं पाहिजे. जमनालाल बजाजांकडची जुनी फोर्ड मोटार बैल जुंपून चालवायचे आणि तिला "ऑक्सफर्ड" म्हणायचे, अशी आठवण सांगतात. हा फेरफार मला तरी अव्वल दर्जाचा वाटतो. पेट्रोलची जागा कडब्याने घेतली, वेग आपोआप मर्यादेत आला. आज कुणी हे केलं तर आरटीओत इंधनबदलाची नोंद करावी लागेल आणि बैलांचं पीयूसी काढताना खिडकीवरचा बाबू कोणत्या टोकाला नळी लावायची म्हणून साहेबांकडे फाइल पाठवेल. पण त्या गाडीत बदल झाला तो ओढणाऱ्याचा, आणि गरजेपोटी. आमच्याकडे ओढणारा तोच, पेलणारी डिस्क तीच. बदललं फक्त दुसऱ्याला दिसणारं.

आणि हे एकट्या साडभाऊंचं नाही. रस्ता चौपदरी करायचा आणि नाल्यावरचा रपटा जुनाच ठेवायचा. चार पदरांतून सुसाट आलेली वाहतूक रपट्यापाशी एकमेकांकडे पाहत उभी. पाचशे माणसांच्या नळयोजनेवर पाच हजारांचं ले-आउट. दोन खोल्यांच्या शाळेला "इंटरनॅशनल". एका टेबलावर तीन खात्यांचा कार्यभार सांभाळणारा कारकून आणि बाहेर नव्या इमारतीला काचेचा दर्शनी भाग. सगळीकडे तोच टायरवाला बसला आहे: बसते न भाऊ, आपण बसवतो. बसतंही. दोनदा फट्ट वाजतं, टाळ्या पडतात, फीत कापली जाते. घासायला लागतं ते पहिल्या वळणावर, आणि तोवर बसवणाऱ्याची बदली झालेली असते.

2023 साली परिवहन खात्याने समृद्धीवर जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या चौकात मोठी खळबळ माजली होती. मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे, हे अनेकांना तेव्हा कळलं. तोवर टायरची फक्त रुंदी पाहायची असते, खोली नव्हे, असाच समज होता. टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडेही त्याच्या भिंतीवर असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर हे चार आकडे जास्त कामाचे. पण लग्नाच्या मांडवाबाहेर ते कोण वाकून वाचणार?

पुढे व्हायचं तेच झालं. साडभाऊंच्या चिरंजिवांना उंच गाडी हवी झाली, कारण तिला रुंद टायर कंपनीच देते. जुनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, खाली वाकलं, फुगलेल्या भिंतींवरून हात फिरवला आणि किंमत पाडून म्हणालं, "कंपनीचे टायर कुठं गेले? ते लावून द्या, मग बोलू." कोऱ्या कडा आणि मीटरवरचे वाचलेले किलोमीटर, दोन्ही वाया गेले.

साडभाऊ टायरवाल्याकडे धावले. ते टायर त्याने बदल्यात किरकोळ भावात घेतले होते आणि देवळीकडच्या एका शेतकऱ्याला भंगारातल्या डिस्कसह विकले होते. आम्ही दोघं तिकडे गेलो. फवारणीचं पाणी वाहणाऱ्या टाकीच्या गाडीला मागे-पुढे तेच चार टायर, जवळजवळ नवे, आणि पुढे बैलजोडी. साडभाऊंनी घेतल्या भावाच्या दुप्पट किंमत देऊ केली, मग तिप्पट.

शेतकऱ्याने चाकाकडे पाहिलं, आमच्या गाडीच्या चाकाकडे पाहिलं.

"नाही भाऊ," तो म्हणाला, "मापात बसले आहे ते. कायले काढू?"