अल्फावाला

अल्फावाला हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतला एक पोटभेद. पूर्ण झालेला खेळ त्याला चालत नाही. कंपनीने चाचणीपुरती बाहेर सोडलेली अर्धीकच्ची आवृत्ती, म्हणजे अल्फा, तेवढीच त्याच्या मते अस्सल. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीतही हा प्राणी आढळतो; मुक्काम बहुधा थोरल्या भावाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर.

त्याचे दैवत ‘हॅलो नेबर’. डायनॅमिक पिक्सेल्स या रशियन मंडळींच्या या खेळात समोरच्या घरी चोरपावलांनी शिरायचे, शेजाऱ्याला चुकवायचे आणि कुलूपबंद तळघरात काय दडले आहे ते पाहायचे. सापडले की पुन्हा आपल्या दारापासून सुरुवात. सारखे एकाच खिडकीतून शिरले, तर शेजारी शहाणा होऊन तिथेच सापळा लावतो. पहिली अल्फा २०१६च्या ऑक्टोबरात आली. मागोमाग आणखी तीन आल्या, मग पुढच्या टप्प्याची चाचणी-आवृत्ती, म्हणजे बीटा, आणि ८ डिसेंबर २०१७ रोजी पूर्ण खेळ. अल्फावाला हा दिवस सुतकासारखा पाळतो.

वास्तविक नेसरीत शेजाऱ्याच्या घरात शिरायला कसलेच कसब लागत नाही. दार उघडे असते. पकडलेला पोरगा ‘कुणाचा रं तू?’ याचे उत्तर देऊन, चहा पिऊन परततो. तळघरे नाहीत, आणि कुणाच्या माळ्यावर काय आहे हे गल्लीला पाठ असते. कुलपाची एवढी भूल पडते ती बहुधा त्यामुळेच.

लपण्याची कला मात्र गावच्या इतिहासाला धरून नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर उघड चालून गेले, ते नेसरीच्याच खिंडीत. त्या सात वीरांचा अभिमान अल्फावाल्याला पुरेपूर आहे. पण स्वतः तो कपाटात श्वास रोखून बसतो. कुणी हटकले तर गनिमी काव्याचे नाव पुढे करतो. स्मारकाजवळ मात्र विषय काढत नाही.

त्याचा युक्तिवाद ऐकण्याजोगा असतो. अल्फातला शेजारी दारात अडकून जागच्या जागी चालत राहिला, तर तो दोष नव्हे: ‘इचार करालाय त्यो.’ पूर्ण खेळात हेच घडले की कंपनी बुडवी. शेवटच्या आवृत्तीत घर मजल्यांवर मजले चढवत वेडेवाकडे वाढले, वर आगगाडीचे रूळही आले. गडहिंग्लज तालुक्यात अजून रेल्वे नाही, आणि या शेजाऱ्याच्या घरावर रूळ, हे त्याला मानवत नाही. पण खरे दुखणे निराळे. तळघरात काय असावे याचे पाच-सहा सिद्धान्त त्याने वर्षभर पोसले होते. तळघर उघडले आणि ते सगळेच एकदम निकामी झाले.

दुसऱ्या भागाचीही अल्फा २०२० मध्ये आली. पूर्ण खेळ डिसेंबर २०२२ मध्ये आला. तो बिघडणार, हे मत त्याने अल्फा उतरवून घेतानाच बनवले होते.