आठ आठवडेवाले

इंग्लंडातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणपतीत हे गृहस्थ सापडतात. आरती आटोपून प्रसादाची रांग लागली की नेमके तुमच्या मागे उभे असतात. "घराचं कुठवर आलं?" असं चुकूनही विचारू नका. विचारलंतच, तर उत्तर ठरलेलं आहे. "झालंच की! आता आठच आठवडे."

आठ आठवडे ही थाप नव्हे. बांधकाम परवानगीच्या साध्या अर्जावर कौन्सिलने निर्णय द्यायची तिथली कायदेशीर मुदत तेवढीच आहे. मोठ्या प्रकल्पाला १३. ग्यानबाची मेख अशी की, मोजणी अर्ज टाकल्यापासून नाही, तो परिपूर्ण ठरल्यापासून सुरू होते. आणि यांच्या प्लॉटला एक भिंत आहे.

भिंत विटांची, चुन्यात बांधलेली, मधोमध पोट सुटलेली. शेजारचं शेतघर वारसा यादीत, ग्रेड टू. यांचा प्लॉट म्हणजे त्या घराचं जुनं परस. यादीतल्या इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८च्या आधीपासून जे बांधकाम उभं आहे, ते इमारतीचाच भाग धरावं, असं १९९०चा कायदा सांगतो. परस पुढे वेगळं विकलं गेलं, पण घर यादीत आलं तेव्हा भिंत त्याच्याच आवारात होती. त्यामुळे ती सुटली नाही. यांना फक्त गाडी आत जाईल एवढी वाट हवी आहे. त्यासाठी बांधकामाची परवानगी वेगळी, वारशाची संमती वेगळी. न विचारता भिंत फोडली तर फौजदारी गुन्हा. संमतीच्या अर्जाला फी मात्र नाही. "फुकट आहे हो!" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. आर्किटेक्टच्या बिलाचा विषय तेवढ्यात आपण काढू नये.

पहिला अर्ज परत आला, कारण भिंतीचं ऐतिहासिक महत्त्व सांगणारं निवेदन जोडलं नव्हतं. ते लिहवून घेतलं, तर कोपऱ्यातल्या पडक्या शेडमध्ये वटवाघळं राहतात का, असा प्रश्न निघाला. तेव्हा ऑक्टोबर होता. वटवाघळं हिवाळाभर निजतात. तिन्हीसांजेला बाहेर पडणारी मोजायचा हंगाम मे महिन्यात उघडतो. मे आला, तज्ज्ञ आले, त्यांच्या शेजारी हेही खुर्ची टाकून बसले. एकही वटवाघूळ निघालं नाही. सुटलो म्हणायचं सोडून हे हिरमुसले!

मग अधिकाऱ्याचा नम्र ईमेल: मुदत थोडी वाढवली तर चालेल ना? नाही म्हणावं तर नकार यायची भीती, अपिलात जावं तर ते आणखी लांबणार. म्हणून दर वेळी हे 'आनंदाने' लिहून देतात. त्यांच्या सौ. म्हणतात, "मला एवढ्या लवकर कधी होकार दिला नाही."

अलीकडे मात्र गृहस्थांनी पक्षच बदललाय. रविवारी गावोगावच्या जुन्या भिंतींवरून हात फिरवत हिंडतात. दरजांत सिमेंट भरलेलं दिसलं की चुकचुकतात. ॲबी रोडवरचं झेब्रा क्रॉसिंगसुद्धा २०१०पासून ग्रेड टू आहे, हे प्रत्येकाला ऐकवतात. "रस्त्यावरच्या पट्ट्यांना मान, आणि माझ्या भिंतीला नको?" लेक म्हणाली, बाबा, विकून टाका तो प्लॉट. तर म्हणाले, "भिंत कुणाच्या हाती पडेल, काय सांगावं!"

यंदा परवानगी आली. पेढे वाटले. पेढ्यांनंतर अटी वाचल्या. चुन्याच्या दरजांचा नमुना आधी बांधून दाखवा, मंजूर करून घ्या, मगच भिंतीला हात लावा. त्या मंजुरीचा अर्ज वेगळा. त्याची मुदत? आठ आठवडे.

तेव्हा तिकडे कुणी जुन्या भिंतीचा झकास प्लॉट दाखवलाच, तर भाव मागाहून विचारा, भिंत कुठल्या सालची ते आधी. आणि परवानगी हातात पडली म्हणून निवांत बसू नका. ३ वर्षांत काम सुरू केलं नाही, तर तीही बाद होते.