फ्रेमला दीड विद्यार्थी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तालुक्यातल्या शूटिंगवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसते. पितृपंधरवड्यात मात्र त्याचा ड्रोन, गिंबल आणि हाताखालची दोन पोरं घरी बसून असतात. एरवी 45 हजार सांगणारा हा माणूस त्या दिवसांत 15 हजारांत अख्खं ‘अल्बम साँग’ करून देतो. शाळेच्या अमृतमहोत्सवी म्युझिक व्हिडिओचं शूटिंग पितृपक्षात ठरलं, ते या आर्थिक कारणाने. एका संचालकांनी शंका काढली की, मुहूर्ताचा नारळ पितृपक्षात फोडायचा कसा? त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि नारळ अनंत चतुर्दशीच्या आत फोडून ठेवावा, असं ठरलं. त्याप्रमाणे फोडला. कॅमेरा त्या दिवशी आलाच नव्हता, म्हणून नारळाचा फोटो मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकला आणि ‘चित्रीकरणास प्रारंभ’ अशी बातमीही दिली.

परिपत्रकात लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला व्हिडिओ’. त्यासाठी नेमलेल्या समितीत 14 जण होते. विद्यार्थी त्यात नव्हते. मी होतो, कारण मी पालक-शिक्षक संघात आहे आणि पेपरात लिहितो. जो पेपरात लिहितो त्याला गाणंही लिहिता येत असणार, असा मुख्याध्यापकांचा समज आहे.

तरी नववीच्या दोन मुलींना एका बैठकीत पाच मिनिटांसाठी बोलावलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी गणिताची वही आणली होती. वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने चौकटी आखलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत काड्यांची माणसं. पहिली चौकट: सकाळची एसटी, खिडकीतून दिसणारा रस्ता, मुलीच्या हातात मोफत पास. दुसरी: बस चुकलेला पोरगा, सायकलवर डबलसीट. मग बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं, पोषण आहाराच्या रांगेतली ताटं, गळका नळ. गाण्याला वाद्यं नकोतच, असं त्यांचं म्हणणं. शिपाईमामांच्या किल्ल्यांचा जुडगा, भिंतीवर आपटलेलं डस्टर, नळाची टपटप, आणि शेवटी घंटा, यातूनच ठेका उभा करायचा. त्यातल्या एकीने टेबलावर पेनाने वाजवूनही दाखवलं. चांगलं वाजवलं. पर्यवेक्षक सरांचा पाय टेबलाखाली हलला, मी पाहिला.

अध्यक्षसाहेबांनी कौतुकाने विचारलं, “छान आहे बेटा, पण यात संस्था कुठं दिसते?”

मुली म्हणाल्या, “सर, हे सगळं शाळेतलंच आहे.”

“शाळा दिसते गं. संस्था कुठं दिसते?”

मुलींच्या सूचनांचा योग्य तो विचार केला जाईल, अशी नोंद इतिवृत्तात झाली. वही गणिताच्या बाईंकडे गेली. गणिताच्या वहीत चित्रं काढल्याबद्दल.

पूर्वी शाळेला पंचवीस-पन्नास वर्षं झाली की स्मरणिका निघायची. तिचा क्रम ठरलेला: आधी शुभसंदेश, मग संस्थापकांचं अख्खं पान, अध्यक्षांचं अख्खं पान, संचालकांना अर्धं अर्धं, मग भांडी भांडारवाल्याची आणि खतवाल्याची जाहिरात, आणि अगदी शेवटी, पानं उरली तर, आठवी क मधल्या कुणाची तरी ‘पाऊस’ नावाची कविता. समितीने व्हिडिओची आखणी केली ती तंतोतंत याच हिशेबाने. फक्त पानांऐवजी सेकंद.

गाणं 4 मिनिटांचं, म्हणजे 240 सेकंद. संस्थापकांच्या पुतळ्याला 20, पुतळ्याला हार घालणाऱ्या अध्यक्षांना 35. संचालक 11, प्रत्येकी 5, म्हणजे 55. इथे कुणालाही 4 किंवा 6 देणं म्हणजे पुढच्या निवडणुकीत फूट. मुख्याध्यापक 15. ड्रोनमधून इमारत 40. संगणक कक्ष 15, नवी स्वच्छतागृहं 10, जाहिरातदार 20. राहिले 30 सेकंद. शाळेत विद्यार्थी 1,200. सेकंदाला 40 आले. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम असतात, असं शूटिंगवाल्याने सांगितल्यावर लिपिकाने तिथल्या तिथे भागाकार केला: फ्रेमला दीड विद्यार्थी, वर थोडे शिल्लक. शिल्लक राहिलेल्यांना मंडप घालायला घ्यावं, असं ठरलं.

गाण्याचं म्हणाल तर ते मी लिहिलं, पण ते माझं राहिलं नाही. संस्थापकांचं नाव पहिल्या कडव्यात हवं, संस्थेचं ब्रीद ध्रुवपदात हवं, आणि ‘ज्ञान’ला ‘महान’, ‘छान’, ‘अभिमान’ यापैकी दोन तरी यमकं हवीत, या अटी होत्या. चाल लावायला माणूस नव्हता. संगीताचे सर निवृत्त झाल्यावर ते पद भरलंच गेलं नाही. पेटी कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे याचा शोध चालू आहे. शेवटी पीटीच्या सरांच्या मेव्हण्याने चाल दिली. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हाच सगळ्यांना पाठ होती, कारण ती एका गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याची होती. मेव्हण्याचं म्हणणं, सूर सातच आहेत, माणूस करणार काय.

‘सैराट’च्या वेळी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित करून आले होते. आमचं ध्वनिमुद्रण तालुक्याच्या एका स्टुडिओत झालं. आवाज घुमू नये म्हणून तिथे चारी भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले आहेत, आणि त्याच खोलीत पंचक्रोशीतले माळकरी बुवा अभंगांचे अल्बम करून जातात. पावणेदोनशे पोरांतून आवाजाची चाचणी घेऊन सहा जण निवडले होते. पण अध्यक्षांच्या भाचीचं ‘सारेगम’चं ऑडिशन एकदा होता होता राहिलं होतं, त्यामुळे गायली तीच. सहा जणांनी ‘हो हो हो’ म्हटलं.

शूटिंगच्या दिवशी पहिला पेच पडला तो मुलगे-मुलींचा. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला बाई मिळेना, म्हणून त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. ती 1913 सालची गोष्ट. आमच्याकडे मुली होत्या, चांगल्या नाचत होत्या, फक्त त्यांच्या शेजारी मुलगे नाचायला नकोत असं शिस्तपालन समितीला वाटत होतं. पीटीच्या सरांनी दोन रांगांच्या मध्ये चुन्याची रेघ मारली. वरून ड्रोनमधून पाहिलं तर शाळेच्या मैदानावर खो-खोचा सामना चालू आहे आणि कुणीच कुणाला खो देत नाही, असं दिसतं.

ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला होता. तेवढ्या वजनाच्या ड्रोनला 2021 च्या नियमांप्रमाणे चालकाचा परवाना लागत नाही, म्हणून मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतला तराजू आणून तो स्वतः तोलून घेतला. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत असावं, असाही नियम आहे. तराजू परत प्रयोगशाळेत गेला.

नंतर स्लो मोशन. हे प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. सेकंदाला 50 फ्रेम टिपून त्या 25 च्या गतीने दाखवल्या की माणूस संथ, डौलदार दिसतो. पण तो गाताना दिसायचा असेल तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावावं लागतं आणि ओठही दुप्पट वेगाने हलवावे लागतात. मग पडद्यावर सगळं जागेवर येतं. स्पीकरवर आमचं संस्थागीत दुप्पट वेगाने सुरू झालं, ते उंदरांच्या लग्नाच्या वरातीसारखं. क्लॅप नव्हता, तर शिपाईमामांनी पाटीवर डस्टर आपटलं. पोरांना हे गणित अर्ध्या मिनिटात कळलं. रोज दोन तासांचा अभ्यासक्रम एका तासिकेत उरकायची त्यांना सवय आहे. साहेबांना मात्र ते जमेना. त्यांनी आपल्या नेहमीच्या गतीने ओठ हलवले. परिणाम असा की, व्हिडिओत कडवं संपून ध्रुवपद सुरू होतं तरी साहेब अजून कडव्याच्या मध्यावरच आहेत. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. त्यांचं भाषणही असंच चालतं.

पोरं सकाळी 7 पासून उभी होती. 2 वाजता पाऊस आला म्हणून सुटली. बालकलाकारांबाबत केंद्राचा नियम असा आहे की, मुलाला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शिवाय त्याच्या कमाईतले 20 टक्के त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावे लागतात. ही पोरं कलाकार असती तर त्यांना तेवढं तरी मिळालं असतं. ती विद्यार्थी होती. त्यांना मिळाला एकेक वडापाव, आणि त्याचा पाचवा हिस्सा बँकेत ठेवणं व्यवहार्य नव्हतं.

तासिकांचं काय, असं कुणी विचारू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात 220 दिवस आणि 1,000 तास अध्यापन व्हायला हवं. सराव आणि शूटिंगचे सगळे तास ‘कला व कार्यानुभव’ या रकान्यात गेले. त्याच कायद्यात शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर कामं देऊ नयेत, असंही म्हटलं आहे. यात आमचा व्हिडिओ कुठे बसतो, असं मी एका सरांना हळूच विचारलं. ते म्हणाले, “आपत्ती.” सरांचा राग मला समजतो. 2016 साली सरकारने मुलांच्या गटांबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर टाकायचा आदेश शिक्षकांना काढला होता, तेव्हापासून फळ्यापेक्षा मोबाइलकडे तोंड करून उभं राहण्यातच त्यांची नोकरी चालली आहे.

संकलनाच्या वेळी 11 संचालक घड्याळ लावून बसले. एकांचे 5 सेकंद भरले, पण त्यातले 2 पाठमोरे होते, त्यांची भरपाई करावी लागली. जाहिरातदारांत एक वाढला. गाणं दोनदा वाजवून व्हिडिओ 9 मिनिटांचा झाला. विद्यार्थी श्रेयनामावलीच्या मागे गेले. अक्षरं वर सरकतात आणि त्यांच्या फटींतून नाचणारे पाय दिसतात.

मग व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि काही मिनिटांतच संदेश आला की, या संगीतावर मालकी हक्काचा दावा आहे. यंत्राने मेव्हण्याची चाल ओळखली होती. खरं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना मोठी सवलत आहे: विद्यार्थी-शिक्षकांनी शाळेच्या कार्यक्रमात, शाळेच्या माणसांसमोर आणि पालकांसमोर कुणाचंही गाणं खुशाल सादर करावं. पण ती सभागृहातली गोष्ट. जगासमोर चढवायचं तर परवानगी लागते. मुख्याध्यापकांनी हे ऐकून घेतलं आणि शाळेच्या लेटरहेडवर जावक क्रमांक टाकून पत्र पाठवलं: ‘प्रति, मा. व्यवस्थापक, यूट्यूब, अमेरिका. विषय: आपल्याकडील दाव्याबाबत खुलासा.’ सोबत मेव्हण्याचं स्वयंघोषणापत्र आणि संस्थेच्या नोंदणीची छायांकित प्रत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं म्हणून स्मरणपत्रही गेलं.

तूर्त व्हिडिओ काढून टाकलेला नाही. त्यावर जाहिराती दिसतात आणि त्यांचे पैसे मूळ गाण्याच्या मालकाला जातात. परवा मी लावला, तर पुतळ्याला हार पडला, साहेब कॅमेऱ्याकडे वळले, आणि ऐन त्या क्षणी शेजारच्या गावातल्या इंटरनॅशनल स्कूलच्या प्रवेशाची जाहिरात आली. पाच सेकंद. एका संचालकाएवढी.

वाचकांना एवढंच कळवायचं की, व्हिडिओ पाहून त्याला लाइक करायचं आहे आणि त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर शनिवारपर्यंत टाकायचा आहे. पालकांची हजेरी त्यावरून लावली जाणार आहे. ज्यांची मुलं या शाळेत नाहीत, त्यांनीही करायला हरकत नाही. आणि वेळ असेल तर शेवटचं दीड मिनिट आवाज बंद करून, श्रेयनामावलीतल्या नावांकडे दुर्लक्ष करून फक्त मागचे पाय पाहावेत. नाच चांगला बसवला आहे. तो त्या नववीच्या दोन मुलींनी बसवला; त्यांचं नाव नामावलीत नाही.